थायलंडच्या आखा गावांत स्वयंसेवा: कशाचे पैसे द्यावेत, कशाचे नाही

उत्तर थायलंडच्या चियांग राय प्रांतात आखा या डोंगरी जमातीच्या गावांतली ‘स्वयंसेवा’ ही आता दर ठरवून विकली जाणारी वस्तू आहे. आठवडा, पंधरवडा, महिना अशा मापात ती मिळते. जाहिरातीत चांदीच्या टोपातली आजी, शेजारी हसणारी पोरं आणि खाली पैसे भरायचं बटण. मग तिचं परीक्षणही विकतच्या सेवेसारखंच व्हायला हवं: काय मिळतं, कोणाला मिळतं आणि कुठे बिघडतं.

बाजारात साधारण चार प्रकार आहेत. शाळेत इंग्रजी शिकवणं, मुलांच्या वसतिगृहात किंवा ‘अनाथालयात’ मदत करणं, पाणी-संडास-बांधकाम, आणि मुक्कामाचे पैसे देऊन गावात पाहुणा म्हणून राहणं. निकाल आधीच सांगून टाकतो. हाताशी कसब नसेल आणि किमान तीन महिन्यांची सवड नसेल, तर चौथा प्रकार घ्या. पाचपैकी चार तारे त्यालाच. पाण्याच्या कामाला तीन, तेही संस्था नीट असेल तर. आठवड्याभराच्या इंग्रजीला एक. वसतिगृहाच्या पॅकेजलाही एकच, कारण त्याहून कमी देता येत नाही.

आखा लोक मूळचे चीनच्या युन्नानकडचे, भाषा तिबेटो-बर्मी कुळातली. आज ते युन्नान, म्यानमारचं शान राज्य, लाओस आणि थायलंड अशा चार देशांत पसरले आहेत. थायलंडमध्ये त्यांची गावं विसाव्या शतकाच्या सुरुवातीपासून आहेत; मे चान, मे साय, मे फा लुआंग, मे सुआय हे त्यांचे मुख्य तालुके. दोई मे सलोंग (‘दोई’ म्हणजे डोंगर) पर्यटकांना कुओमिंतांगच्या, म्हणजे चीनच्या यादवीत कम्युनिस्टांकडून हरलेल्या पक्षाच्या, सैनिकांच्या वंशजांचं चहाचं गाव म्हणून माहीत असतं, पण भोवतालच्या उतारांवर आखा वस्त्या आहेत. दोई तुंगवर 1988 पासून राजघराण्याच्या पुढाकाराचा विकास प्रकल्प चालू आहे. दोई चांगची कॉफी तर परदेशातही जाते. म्हणजे ‘जगापासून तुटलेली जमात’ असं जे विकलं जातं ते खोटं आहे. गावात पिकअप गाड्या आहेत, स्मार्टफोन आहेत, तरुण पोरं चियांग माय-बँकॉकला कामाला आहेत. अडचणी वेगळ्या आहेत: नागरिकत्वाचा कागद, जमिनीचा हक्क, उन्हाळ्यातलं पाणी, शेतमालाचा भाव. पॅकेजमध्ये मात्र यातलं बहुधा काहीच नसतं.

आधी कायदा

सगळ्यात जास्त लपवली जाणारी गोष्ट हीच. थायलंडमध्ये परदेशी माणसाने काम करायचं तर वर्क परमिट लागतं, आणि पगार घेत नाही म्हणून सुटका होत नाही. पर्यटक म्हणून देशात शिरायचं आणि रोज सकाळी वर्गावर जायचं, हे बेकायदा काम धरलं जाऊ शकतं. परमिटशिवाय काम करणाऱ्याला 5,000 ते 50,000 बाट दंड आणि देशाबाहेर रवानगी. कामावर ठेवणाऱ्याला माणशी 10,000 ते 1,00,000 बाट. म्हणजे तुमच्या हौसेचा मोठा दंड गावातल्या शाळेला किंवा छोट्या संस्थेला बसतो, आणि नेमकं हेच एजंट सांगत नाही.

रीतसर मार्ग असा. थायलंडमध्ये नोंदणी झालेली संस्था तुम्हाला निमंत्रणपत्र देते, सोबत तिच्या नोंदणीची कागदपत्रं. त्यावर तुम्ही नॉन-इमिग्रंट ‘ओ’ व्हिसासाठी अर्ज करता. 2025 पासून हा अर्ज ऑनलाइन होतो. हा व्हिसा साधारण 90 दिवसांचा मिळतो. देशात पोचल्यावर संस्था वर्क परमिट काढते. त्यात कामाचं स्वरूप आणि ठिकाण लिहिलेलं असतं, त्यामुळे शाळेच्या परमिटवर दुसऱ्या गावात टाकी बांधायला जाता येत नाही. शिवाय प्रवेशाआधीच्या तीन दिवसांत डिजिटल अरायव्हल कार्ड भरायचं. ते फुकट आहे. त्याचे पैसे मागणारी वेबसाइट दिसली की समजून जा. परदेशी पाहुणा आला की घरमालकाने 24 तासांत टीएम-30 नोंद, म्हणजे तो आपल्याकडे राहतोय अशी इमिग्रेशनला खबर, करायची असते. गावातल्या घरांत ही नोंद बऱ्याचदा राहून जाते आणि पुढे व्हिसा वाढवताना इमिग्रेशनच्या खिडकीवर अडकायला होतं. ती कोण करणार, हे पहिल्याच दिवशी विचारा.

एवढे सोपस्कार आठवड्याभराच्या मुक्कामासाठी कोणी करत नाही. म्हणूनच ‘व्हिसाची काळजी नको, टुरिस्टवर या’ असं उत्तर आलं की तिथेच थांबावं.

संस्था पारखताना पाच प्रश्न पुरतात. नोंदणी क्रमांक काय? गावाचं नाव काय, आणि गावप्रमुखाला, म्हणजे तिथल्या ‘फू याय बान’ला, आम्ही येणार हे माहीत आहे का? हेच काम गेल्या महिन्यात कोण करत होतं आणि आम्ही गेल्यावर कोण करेल? आमच्या पैशातले यजमान घराला किती, गावनिधीला किती, गाडीभाड्याला किती, कचेरीला किती? मुलांशी संबंध येणार असेल तर पोलीस पडताळणीचा दाखला मागता का? चौथ्या प्रश्नाला आकडे मिळाले तर उत्तम. ‘सगळं समाजाच्या कल्याणासाठी’ असं उत्तर आलं तर पैसे खिशातच ठेवा. आणि पाचव्याला ‘गरज नाही’ असं उत्तर देणारी संस्था मुलांजवळ असायलाच नको.

इंग्रजी शिकवणं

आखा मूल घरी आखा बोलतं आणि शाळेत थाई शिकतं. इंग्रजी ही त्याची तिसरी भाषा. पहिली-दुसरीत थाई लिपीच धड बसलेली नसते. अशा वर्गात दर आठवड्याला नवा परदेशी चेहरा येतो, रंगांची नावं आणि अंगाच्या अवयवांचं गाणं शिकवतो आणि जातो. पुढचाही तेच करतो, कारण आधीच्याने काय शिकवलं याची नोंद कुठेच नसते. वर्षाअखेरीस पोरांना तेच गाणं पाठ, आणि ‘तू काल काय केलंस’ या प्रश्नाला उत्तर नाही.

दुसरी अडचण वेळापत्रकाची. थाई शाळांचं पहिलं सत्र साधारण मेच्या मध्यापासून ऑक्टोबरच्या सुरुवातीपर्यंत, दुसरं नोव्हेंबरपासून मार्चअखेरपर्यंत. एप्रिलमध्ये शाळा बंद आणि 13 ते 15 एप्रिलला सोंगक्रान, म्हणजे थाई नववर्ष. तरीही एप्रिलचं ‘शिक्षण पॅकेज’ विकलं जातं. मग संस्था मंदिराच्या नाहीतर चर्चच्या ओट्यावर मुलं गोळा करते; खेळ होतात, फोटो निघतात.

तीन महिने, म्हणजे जवळपास एक सत्र देणार असाल तर चित्र बदलतं. तेव्हाही वर्ग स्वतः ताब्यात घेऊ नका. थाई शिक्षकाच्या शेजारी उभे राहा. उच्चार आणि संवादाचा सराव तुमचा, शिस्त आणि समजावणं त्याचं. त्याच्याच पाठ्यपुस्तकातल्या धड्यावर चित्रकार्डं करा, ऑडिओ रेकॉर्ड करून त्याच्या फोनमध्ये ठेवा आणि प्रत्येक तासाला काय झालं याची एक वही थाईत लिहवून घ्या. ती वही पुढच्या माणसाला द्यायची. मोठ्या मुलांसाठी एक व्यवहारी विषय भरपूर चालतो: कॉफीची दुकानं आणि होमस्टे यांना लागणारं इंग्रजी. दर सांगणं, खोली दाखवणं, आरक्षणाचा संदेश लिहिणं. सत्तर-ऐंशी वाक्यांत ते बसतं आणि त्याने खरोखर पैसे मिळतात.

वसतिगृहं आणि ‘अनाथालयं’

डोंगरातल्या वस्त्यांत वरच्या इयत्तांची शाळा नसते, म्हणून मुलं तालुक्याच्या गावी वसतिगृहात राहतात. ही जुनी, गरजेची सोय आहे. बरीचशी वसतिगृहं चर्च किंवा स्थानिक संस्था चालवतात. घोटाळा तेव्हा होतो, जेव्हा तेच वसतिगृह परदेशी पाहुण्यांसमोर ‘अनाथालय’ होतं. मुलांचे आईबाप डोंगरावर भात आणि कॉफी पिकवत असतात, सुटीला मूल घरी जातं, आणि जाहिरातीत मात्र ते पोरकं. पाहुण्यांचे पैसे मुलांच्या संख्येवर आणि केविलवाणेपणावर येत असतील तर वसतिगृहाला जास्त मुलं हवीशी वाटतात, आणि गावात शाळा किंवा शाळेची गाडी यावी यात कोणाला रस उरत नाही.

लहान मुलांना दर पंधरा दिवसांनी नवा ‘दादा’ नवी ‘ताई’ मिळते आणि जाते, याचा त्रास वेगळाच. आल्या आल्या अनोळखी माणसाच्या गळ्यात पडणारं मूल पाहून लोक भारावतात. जाणकाराला ती धोक्याची खूण वाटते. दक्षिण-पूर्व आशियात काम करणाऱ्या फ्रेंड्स-इंटरनॅशनलने याविरुद्ध ‘चाइल्डसेफ’ मोहीमच चालवली आहे: मुलं म्हणजे पर्यटनस्थळं नव्हेत. वसतिगृहाला मदत करायचीच तर मुलांपासून लांबची करा. हिशेब, वायरिंग, सौर पॅनेल, स्वयंपाकघराची चिमणी. या कामांना कोणी फोटो काढत नाही, म्हणून ती पडूनही असतात.

कागदाचा मुद्दा इथेच येतो. बऱ्याच आखा कुटुंबांकडे अजून थाई नागरिकत्व नाही. वेगवेगळ्या रंगांची ओळखपत्रं असतात आणि प्रांताबाहेर जायला तालुका कचेरीची, म्हणजे ‘अम्फो’ची, परवानगी लागू शकते. ऑक्टोबर 2024 मध्ये थाई मंत्रिमंडळाने सुमारे 4,80,000 दीर्घकाळ राहणाऱ्या लोकांचे अर्ज लवकर निकालात काढण्याचा निर्णय घेतला, पण कागद हातात पडेपर्यंत नाक्यावरचा पोलीस जुनंच कार्ड पाहतो. चियांग रायहून चियांग मायला जाणाऱ्या रस्त्यावर तपासणी असते. ‘पोरांना चियांग मायचं प्राणिसंग्रहालय दाखवू’ ही कल्पना नाक्यावर गाडी थांबली की कोसळते, आणि उतरवलं जातं ते मुलाला. सहल काढायची तर प्रांतातच काढा. वर्गात, घरात कोणाला ‘तुमच्याकडे पासपोर्ट आहे का’ असं सहज विचारूही नका. कायद्याचं शिक्षण असलेल्या, थाई लिहिता येणाऱ्या माणसाला मात्र नागरिकत्वाचे अर्ज भरण्यात मदत करणाऱ्या संस्थांकडे भरपूर काम मिळतं. ते कंटाळवाणं आहे, फायलींमध्ये बसून करायचं आहे, आणि चारही प्रकारांपेक्षा जास्त मोलाचं आहे.

पाणी

बहुतेक गावांना पाणी येतं ते वरच्या ओढ्यातून किंवा झऱ्यातून, उताराच्या बळावर. पंप नाही, वीज नाही. झऱ्याशी छोटा बांध, पुढे गाळ बसायची पेटी, मग निळ्या पीव्हीसी पाइपची लाइन, गावाच्या डोक्यावर टाकी आणि तिथून घराघरांत फाटे. रचना सोपी दिसते, पण स्वयंसेवकांच्या गटांनी घातलेल्या लाइनी दोन पावसाळ्यांत बंद पडलेल्या दिसतात. कारणं ठरलेली आहेत.

पहिलं, दाब. दर 10 मीटर उताराला साधारण एक बार, म्हणजे जवळपास एक किलो प्रति चौरस सेंटिमीटर, दाब वाढतो. थायलंडमध्ये निळा पीव्हीसी पाइप 5, 8.5 आणि 13.5 अशा तीन वर्गांत मिळतो. हा आकडा म्हणजे तो किती किलो प्रति चौरस सेंटिमीटर दाब सोसतो. 8.5 चा पाइप साधारण 85 मीटर उंचीच्या पाण्याचा भार घेतो. झरा गावापासून 120 मीटर उंचावर असेल आणि सलग 8.5 चीच लाइन टाकली, तर दिवसा सगळं ठीक चालतं. रात्री खालचे नळ बंद झाले, पाणी थांबलं की पूर्ण दाब तळच्या सांध्यावर येतो आणि तिथे फुटतो. उपाय दोनच: मधे उघडी दाबतोड टाकी, म्हणजे तिथे पाणी हवेला मोकळं होऊन दाब पुन्हा शून्यापासून सुरू होतो, नाहीतर खालच्या टप्प्यात 13.5 चा पाइप. पैसे वाचवायला 5 चा पाइप आणणारा गट पुढच्या वर्षीचं काम आजच तयार करून ठेवतो.

दुसरं, हवा. लाइन टेकाडावरून वर-खाली जाते तेव्हा प्रत्येक उंचवट्यात हवा अडकते. झऱ्याशी पाणी भरपूर आणि गावात धार करंगळीएवढी, असं झालं की आधी उंचवटे तपासा. तिथे एअर व्हॉल्व्ह किंवा निदान हाताने उघडायची छोटी तोटी हवी.

तिसरं, आग आणि ऊन. पाइप उघड्यावर पडलेला असेल तर उन्हाने ठिसूळ होतो, आणि फेब्रुवारी ते एप्रिलच्या शेतं जाळण्याच्या हंगामात डोंगराला वणवा लागला की वितळून जातो. अर्धा मीटर खोल पुरायला हवा. खडकावर खणता येत नाही तिथे लोखंडी पाइप. चार मीटरचा एकेक तुकडा खांद्यावर घेऊन चढावर नेणं हे शहरी माणसाला जमतं. चर खणणं दुसऱ्या दिवशी संपतं, कारण तळहाताला फोड आलेले असतात. जाड कातडी हातमोजे नेले नाहीत तर हे होणारच.

चौथं, घाई. फेरोसिमेंटच्या, म्हणजे तारेच्या जाळीवर सिमेंट थापून केलेल्या, टाकीला गिलावा एक भाग सिमेंट, दोन भाग वाळू असा दोन थरांत लावतात आणि त्यानंतर किमान सात दिवस ओली गोणपाटं टाकून ती भिजत ठेवावी लागते. पॅकेज पाच दिवसांचं. शुक्रवारी गिलावा, शनिवारी नाव रंगवून गटाचा फोटो, रविवारी निरोप, आणि टाकी उन्हात उघडी. महिन्याभरात केसासारख्या भेगा पडून पाझर सुरू. तीच गत पाइपाच्या सांध्यांची: दोन्ही टोकं कोरडी पुसून पीव्हीसी चिकटवायचं सिमेंट लावायचं, दाबून धरायचं आणि 24 तास पाणी सोडायचं नाही. उद्घाटन त्याच संध्याकाळी असेल तर हे कोण ऐकतो?

पाचवं कारण बांधकामाचं नाहीच. झऱ्यापाशी जाळीवर पानं साचतात. जोराचा पाऊस झाला की दर वेळी कोणीतरी वर जाऊन ती काढायची. हे कोणी करायचं हे आधी ठरलेलं असेल, दरमहा घरटी थोडे पैसे जमत असतील, तर योजना टिकते. नसेल तर कितीही चांगली बांधा. झरा दुसऱ्या वस्तीच्याही वापरात आहे का, तिथे गावची पूजा होते का, आणि जमीन राखीव जंगलात येते का, हेही आधीच विचारायचं. बरीच डोंगरी गावं राखीव जंगलाच्या हद्दीत आहेत. वनखात्याला न विचारता खणलेला चर गावकऱ्यांच्या अंगाशी येतो, तुमच्या नाही.

प्लंबर, सर्वेक्षक, स्थापत्य अभियंता असाल तर या प्रकाराचे तीन तारे पाच होतात. बाकीच्यांनी पाइपाचे पैसे द्यावेत. मजुरी गावातल्या माणसाला मिळू द्यावी, त्याला ती हवी असते.

पाहुणा म्हणून राहणं

हाच प्रकार सर्वांत प्रामाणिक. तुम्ही झोपायची जागा आणि जेवण विकत घेता, पैसे त्या घरात राहतात, आणि कोणाचं भलं करण्याचा आव नसतो. दर माणशी, रात्रीला काही शे बाट, जेवण बहुधा धरून. मे चानहून था तोनकडे जाणाऱ्या 1089 क्रमांकाच्या रस्त्यावर बान लोर चा हे आखा गाव समुदाय-पर्यटनाचं जुनं उदाहरण आहे; तिथे प्रवेश शुल्काचा वाटा गावनिधीत जातो. याउलट वेगवेगळ्या जमातींच्या बायकांना एकाच आवारात बसवून तिकीट लावणारी ‘गावं’ टाळा. तिथे तिकिटातलं त्या बायकांना काय मिळतं, हे विचारलं तर सरळ उत्तर येत नाही.

नोव्हेंबर ते फेब्रुवारी हा कॉफीच्या तोडणीचा काळ, आणि पाहुण्याला पाहण्यासारखंही तेव्हाच जास्त. ही अरेबिका, हजार मीटरच्या वरची. पूर्ण लाल फळ एकेक करून, पिळ देऊन तोडायचं. फांदी ओरबाडली की हिरवी फळं येतातच, शिवाय पुढच्या वर्षीचे डोळेही जातात. तोडलेलं त्याच दिवशी पाण्यात टाकून तरंगणारी फळं बाजूला काढतात, साल काढतात, टाकीत साधारण 24 ते 36 तास आंबवतात (थंडी कडक असेल तर जास्त), धुतात आणि बांबूच्या मांडवांवर वाळवतात. ओलावा 11-12 टक्क्यांवर आला की पोत्यात. पाच-सहा किलो फळांमागे एक किलो हिरवी कॉफी, असा हिशेब. पाहुण्यांना सगळ्यांना तोडायला आवडतं, पण घरच्यांची ओढाताण होते ती संध्याकाळी: ऊन कललं की दव पडायच्या आत सगळे मांडव झाकायचे, आणि नेमक्या त्याच वेळी चुलीवर पाहुण्यांचं जेवण असतं. ताडपत्रीचं दुसरं टोक धरणारा पाहुणा तिथे आवडता होतो. अर्थात यजमानाला हातभार लावणं वेगळं आणि रोज मजुरासारखं राबणं वेगळं. दुसऱ्याला वर्क परमिट लागतं, वर सांगितलंच आहे.

तयार कॉफी थेट त्या घरातून घ्या. चियांग मायमध्ये मे सुआय तालुक्यातल्या आखा तरुणाने 2010 मध्ये सुरू केलेलं आखा आमा हे दुकान आहे. उत्पादकच विक्रेता झाला तर काय होतं हे तिथे दिसतं.

गावात वागण्याचे नियम थोडे आहेत, पण कडक. जुना धर्म पाळणाऱ्या गावाच्या वेशीवर लाकडी दार असतं, शेजारी स्त्री-पुरुषांच्या लाकडी आकृती. त्यांना हात लावायचा नाही, टेकायचं नाही. ऑगस्ट-सप्टेंबरच्या उत्सवातला उंच झोपाळाही तसाच. तो खेळणं नव्हे. जुन्या पद्धतीच्या घरात बायकांची आणि पुरुषांची बाजू वेगळी असते आणि पूर्वजांची जागा बायकांच्या बाजूला. कुठे बसायचं ते दाखवेपर्यंत उभं राहणं बरं. काही दिवस गावाला काम वर्ज्य असतं, आणि तेव्हा बाहेरच्याने येऊ नये अशीही अपेक्षा असते. अनेक गावं आता ख्रिस्ती आहेत. तिथे वेशीचं दार नसेल, पण रविवारी काम नाही. टोपावरची चांदीची नाणी निरखून पाहिलीत तर ब्रिटिश हिंदुस्थानचे रुपये आणि फ्रेंच इंडोचीनचे पियास्तर सापडतील. ते विकत मागू नका. घरच्या लेकीसुनांचा तो ठेवा असतो. बाजारातले नवे टोप बहुधा ॲल्युमिनियमच्या गुंड्यांचे असतात आणि तेच घ्यावेत. फोटोआधी विचारा, आजीने पैसे मागितले तर द्या किंवा कॅमेरा खाली ठेवा, घासाघीस शोभत नाही. अफूवर प्रश्न नकोत. थायलंडने 1959 मध्ये ती बंद केली, आणि पाहुणे अजून तेच विचारतात.

जेवणात भात, रानभाज्या, कुटलेल्या मिरचीची चटणी आणि डुकराचं मांस. शाकाहारी माणसाने ‘मांगसविरात’ म्हणावं. अंडं, दूध आणि मासळीचा सॉससुद्धा नको असेल तर ‘जे’. नुसतं ‘मांस नको’ म्हटलं तर भाजीत मासळीचा सॉस येणारच. हे पोचल्यावर नव्हे, मुक्काम ठरवताना सांगा, कारण यजमानीण बाजार आदल्या दिवशी करते. भाताची दारू पुढे आली तर नाही म्हणता येतं. चहा मात्र घ्या.

कधी, कसं, काय सोबत

नोव्हेंबर ते जानेवारी उत्तम. रात्री गारठा कडक, उबदार कपडे हवेतच. फेब्रुवारी ते एप्रिल धुराचा हंगाम, दमेकऱ्यांनी जाऊच नये. जून ते ऑक्टोबर पाऊस, दरडी, जळवा. सप्टेंबर 2024 च्या पुरात मे साय शहर चिखलाखाली गेलं होतं. 2025 मध्ये कोक आणि साय नद्यांच्या पाण्यात आर्सेनिक मर्यादेपेक्षा जास्त सापडलं, तेव्हा नदीत डुंबणं नको.

चियांग मायहून चियांग राय बसने तीन-साडेतीन तास. चियांग रायच्या जुन्या, शहरातल्या बसस्थानकावरून मे चान आणि मे सायच्या गाड्या सुटतात; पुढे डोंगरात सॉंगथेव, म्हणजे मागे दोन बाकं टाकलेली पिकअप. ती सकाळी सुटते आणि भरली की सुटते. दुपारनंतर पूर्ण गाडी भाड्याने घ्यावी लागते. भाड्याची स्कूटर घ्यायची तर आंतरराष्ट्रीय परवान्यात दुचाकीचा शिक्का हवा, नाहीतर अपघातात विमा हात वर करतो. मे सलोंगच्या 1130 आणि 1234 या रस्त्यांवर तीव्र उतार आहेत. ऑटोमॅटिक स्कूटरचे ब्रेक सतत दाबून तापतात.

गावातली कुत्री मोकळी असतात. रेबीजची आगाऊ लस घेऊन जा. चावलंच तर साबण-पाण्याने पंधरा मिनिटं धुऊन त्याच दिवशी तालुक्याच्या सरकारी रुग्णालयात. धनुर्वाताची मात्रा ताजी हवी, डासांचं मलम दिवसाही लावायचं, कारण डेंग्यूचा डास दिवसा चावतो.

भेटवस्तूंविषयी: गोळ्या-चॉकलेट वाटू नका, मुलं पुढच्या प्रत्येक गाडीमागे धावतात. जुन्या कपड्यांची गाठोडी नेऊ नका, गावात त्यांचे ढीग पडलेले आहेत. काही द्यायचंच तर मे चानच्या बाजारात घ्या, यजमानाला विचारून: पाइप, तोटी, सिमेंटच्या पन्नास किलोच्या गोण्या, शाळेला प्रिंटरची शाई. परत आल्यावर समाजमाध्यमांवरून एखाद्या मुलाच्या नावाने थेट पैसे मागितले गेले, तर ते त्याच्या पालकांना आणि गावप्रमुखाला विचारल्याशिवाय पाठवू नका. बऱ्याचदा खातं तिसऱ्याचंच निघतं. पाण्यासाठी पाठवायचे तर गावच्या पाणी समितीकडे, आणि दुकानाच्या बिलाचा फोटो मागा. मागायला संकोच नको. समितीलाही तेच बिल गावाच्या हिशेबाला लावायचं असतं.